जुन्या गाडीचा मूळ रंग जुळवायला कलर स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. फ्लेक (चमकणारे बारीक कण) नसलेल्या साध्या रंगांसाठी हातात धरायचा कलर स्कॅनर (स्पेक्ट्रोफोटोमीटर) पुरेपूर उपयोगी आहे. मेटॅलिक रंगासाठी एकाच कोनातून मोजणारं मॉडेल घेऊ नका. आणि त्याने सुचवलेला फॉर्म्युला (रंग मिसळण्याचं प्रमाण) चाचणीच्या कार्डावर न तपासता थेट पत्र्यावर मारू नका, मग रंग कोणताही असो.

यंत्र तीन आकडे देतं. एल म्हणजे फिका-गडद, ए म्हणजे हिरवा-लाल, बी म्हणजे निळा-पिवळा. दोन नमुन्यांतला एकूण फरक म्हणजे डेल्टा ई. बहुतेक जण या एकाच आकड्यावर विसंबतात आणि तिथेच फसतात. समजा डेल्टा ई १.२ आला. तो सगळा एलमध्ये असेल तर दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत तो खपून जातो. तोच फरक राखाडी किंवा बेज रंगात एमध्ये असेल तर पॅनेल लांबूनही गुलाबी दिसतं. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे वाचायचे.

खरी मेहनत यंत्र टेकवण्याआधीची. नमुना मूळ आहे का, हे आधी रंगाची जाडी मोजून ठरवा. कारखान्यातला थर साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. २०० च्या वर आकडा गेला तर तिथे पुन्हा रंगकाम झाल्याचा दाट संशय घ्यावा. नमुन्यासाठी उन्हापासून झाकलेल्या जागा शोधा: डिकीच्या मॅटखाली, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखाली, टेललॅम्पच्या रबराखाली, ग्लोव्हबॉक्सच्या मागे.

पण इथे एक गोम आहे. जुनं इनॅमल अल्किड रेझिनचं (तेलावर आधारित, रंग धरून ठेवणारं द्रव्य) असेल तर ते अंधारात पिवळं पडतं. म्हणजे पट्टीखालचा पांढरा किंवा फिका निळा उन्हाने उडालेला नसला तरी मूळही राहिलेला नसतो, बी वर सरकलेला असतो. निघणारा एखादा छोटा भाग दोन-तीन आठवडे खिडकीच्या उजेडात ठेवा आणि पुन्हा मोजा. बी खाली आला तर ती झाक रेझिनची होती, रंगद्रव्याची नव्हे. हे न करता जुळवलेला पांढरा पूर्ण गाडीवर सायीसारखा पिवळट दिसतो.

मोजण्याची पद्धत अशी. भाग धुवा, मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा, ३००० नंबरच्या पेपरने पाण्यात हलका घासा, बारीक पॉलिश फिरवा. कापडाला रंग लागला तर रंग सिंगल स्टेज आहे, वर क्लिअर (पारदर्शक थर) नाही. भुकटी धरलेला पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे एल खोटा वर जातो. पॉलिशनंतर तो किती खाली येतो हे पाहिलं की न घासता घेतलेली मापं किती निरुपयोगी असतात ते कळतं. घासल्यावर पत्रा थंड होऊ द्या. लाल आणि नारिंगी रंग गरम असताना वेगळं माप देतात. सपाट जागी किमान पाच मापं घ्या, प्रत्येक वेळी यंत्र उचलून थोडं फिरवा, भरकटलेलं माप टाकून द्या. वक्र भागावर तोंड नीट टेकत नाही आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. पांढरी कॅलिब्रेशन टाइल धुळीपासून जपा. तिच्यावर बोटाचा ठसा उमटला की सगळी मापं त्याच दिशेने चुकतात.

आता फॉर्म्युला. यंत्रासोबतचा संग्रह आजच्या टिंटरांवर (मिसळायचे मूळ रंग) बेतलेला असतो. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही लाल छटांमध्ये लेड क्रोमेटची रंगद्रव्यं होती. त्यांची झाकण्याची ताकद जबरदस्त होती. त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय द्रव्यं पारदर्शक असतात, म्हणून खालच्या प्रायमरची छटा वर डोकावते. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या कार्डावर एकेक हात मारून दोन्ही चौकटींवर मोजत जा. दोन्हीकडचे आकडे एक झाले की तितके हात लागणार. ते चार-पाचच्या पुढे जात असतील तर प्रायमरची राखाडी छटा बदला, रंगाचा थर वाढवत बसू नका. (जुना थर घासताना शिशाची धूळ उडू नये म्हणून तो ओलाच घासायचा, सुका कधीच नाही.)

द्रव्यं वेगळी असल्याचा दुसरा परिणाम असा की उन्हात जुळलेला रंग पिवळ्या बल्बखाली वेगळा दिसतो. यंत्रात डी६५ (दिवसाचा उजेड) आणि ए (पिवळा बल्ब) असे दोन्ही प्रकाश निवडता येत असतील तर दोन्हीखाली तपासा. पहिल्यात डेल्टा ई ०.६ आणि दुसऱ्यात २.५ आला तर टिंटरचं प्रमाण कितीही बदला, उपयोग नाही. टिंटरच बदलावा लागतो. या एका सोयीसाठी मी हे यंत्र ठेवीन, डोळ्याने हे वेळेत पकडता येत नाही.

छटा ढकलताना १०० ग्रॅमचा नमुना आणि ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. पांढऱ्यात काळ्याचा एक थेंबही जास्त होतो. म्हणून त्याच रंगमालेतलं १० ग्रॅम काळं ९० ग्रॅम पांढऱ्यात मिसळून वेगळं ठेवा. या मिश्रणाच्या एका ग्रॅममध्ये ०.१ ग्रॅम काळं येतं, मग काट्याची चूक अंगावर येत नाही. ओल्या रंगाचं माप घेऊ नका. कार्ड वाळवून (६० अंशांवर अर्धा तास), थंड करून मगच मोजा.

मेटॅलिकमध्ये एककोनी यंत्र जवळजवळ आंधळं असतं. निदान तीन कोन हवेत: समोरून, मधून आणि तिरकं. त्यातही फवारणीची गन आकड्यांवर मात करते. ओला हात मारला की फ्लेक खाली बसतात आणि समोरून रंग गडद दिसतो. हवेचा दाब वाढवून सुका हात मारला की तोच डबा फिका दिसतो. म्हणून कार्ड ज्या गनने, ज्या टिपने, ज्या थिनरने मारलं त्यानेच गाडी मारायची. शिवाय फॉर्म्युल्यात मोती टिंटर (मोत्यासारखी झाक देणारा) आला तर तो सरळ नाकारा. जुन्या रंगांत बहुतेक कॉर्नफ्लेकसारख्या वेड्यावाकड्या कडांचे अ‍ॅल्युमिनियम फ्लेक असायचे. आजचे गोल, गुळगुळीत फ्लेक समोरून जास्त चमकतात आणि आकडे जुळूनही गाडी नवी कोरी दिसते.

जिथे यंत्र काहीच सांगत नाही तो भाग म्हणजे चकाकी आणि पोत. १९२३ मध्ये ओकलंड गाडीवर निळ्या रंगात डूको नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सने अ‍ॅक्रिलिक लॅकर आणलं. बेस आणि क्लिअर वेगळे असण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात रुजली. त्याआधीच्या गाडीवर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर मारला की खोली आणि चकाकी मुळापेक्षा जास्त येते. साधा रंग असेल तर सिंगल स्टेजच मारा. चकाकी मोजायला ग्लॉसमीटर वेगळा घ्यावा लागतो: ६० अंशांवर ७० च्या वर आकडा आला तर २० अंशांवर मोजा, १० च्या खाली गेला तर ८५ वर. आणि सगळीकडे आरशासारखं घासू नका. भट्टीतल्या इनॅमलला संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असायचा, तर बॉनेटच्या आत आणि दाराच्या खाचांत कारखान्यानेच सुका फवारा सोडलेला असायचा. बाहेर पोत राखून आतल्या खाचा काचेसारख्या केल्या तर जाणकाराला काम लगेच कळतं.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कोळशाचा मास्क संपल्याची सूचना नाकाला मिळत नाही, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मास्कच वापरा.

दोन तक्रारी उरतात. संग्रहात एकाच रंगकोडचे अनेक प्रकार असतात (एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या कारखान्यांत आणि बॅचांत थोडा बदलायचा), पण यंत्र सर्वात जवळचा एकच पुढे करतं. बाकीचे यादीत खाली जाऊन स्वतः उघडावे लागतात. आणि दुरुस्त केलेला फॉर्म्युला जपून ठेवण्याची सोय अगदी तोकडी आहे. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या मागे टिप, दाब, थिनर, हातांची संख्या आणि तिन्ही आकडे पेनने लिहून कार्ड उजेडापासून दूर पाकिटात ठेवलेलं बरं.