निवासी उन्हाळी शिबिर: डॉक्टर आणावा, सिस्टर ठेवावी की १०८ वर भिस्त ठेवावी?

मे महिन्यातल्या निवासी शिबिराच्या पत्रकावर ‘वैद्यकीय सुविधा उपलब्ध’ ही ओळ हमखास असते. त्या ओळीमागे प्रत्यक्षात काय उभं करायचं, हे मात्र बऱ्याचदा एप्रिलच्या शेवटी ठरतं. तंबू, जेवणाचा ठेका, बस हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत. सह्याद्रीत, तालुक्याच्या गावापासून लांब, ऐंशी-शंभर मुलं आणि त्यांच्याबरोबर पंचवीस-तीस ताई-दादा, स्वयंपाकी, ड्रायव्हर असा सगळा गोतावळा आठ-दहा दिवस सांभाळायचा असेल, तर आयोजकांपुढे तीन वाटा असतात.

पहिली म्हणजे डॉक्टरच शिबिरात मुक्कामाला आणायचा. बहुतेक वेळा शिबिरातल्याच कुणाची आई किंवा बाबा डॉक्टर असतात आणि ते आपणहून तयार होतात. दुसरी म्हणजे नोंदणीकृत सिस्टर (एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली) मुक्कामी ठेवायची आणि तालुक्यातल्या एका डॉक्टरांशी आधीच भेटून लेखी ठरवून घ्यायचं. तिसरी म्हणजे ताई-दादांना प्रथमोपचार शिकवायचे, एक गाडी तयार ठेवायची आणि पुढचं १०८ वर सोडायचं.

माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. सगळ्या ठिकाणी नाही, पण बहुतेक ठिकाणी. तो का, हे एकेका प्रसंगावरून सांगते. डॉक्टर मोठा की सिस्टर मोठी असा विचार करत बसलं की निर्णय चुकतो. अमुक घडलं तर पहिल्या अर्ध्या तासात कोण काय करू शकेल, एवढंच बघायचं.

साप आणि विंचू

पालकांची पहिली भीती सापाची असते, आणि डॉक्टर मुक्कामी असावा असा आग्रह बहुधा त्यातूनच येतो. पण नेमकं इथेच मुक्कामी डॉक्टरच्या हातात फारसं काही नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चालतं. मात्र त्या प्रतिविषाचीच जबरदस्त रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून ते ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन आणि देखरेखीची सोय असलेल्या दवाखान्यातच द्यायचं असतं, तंबूत नाही. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा, मुलाला चालू द्यायचं नाही, कापाकापी करायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही आणि गाडी काढायची. हे काम तिन्ही वाटांत सारखंच होतं. फरक पडतो तो गाडीने आणि रस्त्याने.

मण्यारीचं मात्र वेगळं आहे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा खूणही दिसत नाही. मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं, पापण्या जड झालेल्या असतात. झोप झाली नसेल असं समजून ताई त्याला परत झोपवते. पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या यांची सांगड घालू शकणारं माणूस शिबिरात असणं, हा सिस्टरच्या किंवा डॉक्टरच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. (खाटा आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्याहून मोठा उपाय आहे. तंबूवाल्याशी बोलताना हे विसरू नका.)

विंचवाच्या बाबतीत पारडं स्थानिक डॉक्टरकडे झुकतं. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी लाल विंचू आहे. त्याच्या दंशानंतर दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या असं सुरू होतं आणि लहान मुलाच्या फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत गोष्ट जाते. यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्याच रुग्णांवर काम करून दाखवलं आणि ‘द लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सांगायचा मुद्दा असा, की रायगडच्या तालुक्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने विंचवाचे जेवढे रुग्ण बघितलेले असतात, तेवढे पुण्या-मुंबईच्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा दंतवैद्याने बघितलेले नसतात. पालक-डॉक्टर आनंदाने येतात, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण ते कशाचे डॉक्टर आहेत, हे संकोच न करता विचारा.

जिथे मिनिटं मोजली जातात

किल्ल्यावर आग्या माशा उठल्या किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या पानात चटणी पडली, तर गाडीने तालुक्याला पोचेपर्यंतचा वेळ हातात नसतो. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत तिथल्या तिथे द्यावं लागतं. परदेशात कुणीही टोचू शकेल असं तयार पेन मिळतं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. मिळतो तो अँप्युल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी. तो फोडायचा, वजनाप्रमाणे मात्रा सिरिंजमध्ये भरायची आणि हात न थरथरता टोचायचं. दोन दिवसांचा प्रथमोपचार वर्ग केलेल्या एकोणीस वर्षांच्या दादाकडून ही अपेक्षा करता येत नाही. सिस्टर मात्र डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या आदेशावरून हे करू शकते. माझ्या लेखी तिसरी वाट या एका प्रसंगामुळे मागे पडते.

बुडणं आणि उष्माघात यांत चित्र उलटं आहे. तलावावर किंवा नदीवर मूल बुडालं तर काठावर जो उभा आहे त्याचाच उपयोग. सिस्टर छावणीत, डॉक्टर जेवणाच्या मांडवात. त्यांना बोलावून आणेपर्यंत उशीर झालेला असतो. पोहता येणारा, सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव धरून ठेवणं) येणारा माणूस पाण्याजवळ हवा आणि त्या वेळी त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नको. उष्माघाताचंही तसंच. मूल बरळायला लागलं, अंग भाजतंय, तर आधी गार करायचं आणि मग हलवायचं. सावली, अंगावर पाणी, वारा, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फ. हे विशीतली मुलंमुली उत्तम करतात, फक्त त्यांना शिकवलेलं हवं. त्यामुळे सिस्टर ठेवली म्हणून ताई-दादांचं प्रशिक्षण रद्द करू नका. खर्च वाचवायला हीच कात्री पहिली लावली जाते, आणि ती घातक आहे.

रात्रीचे आठ

आणीबाणी क्वचित येते. आरोग्याचं खरं काम रोज संध्याकाळी, जेवण झाल्यावर असतं. एका टेबलावर कंदील किंवा बॅटरीचा दिवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात नावं लिहिलेल्या पिशव्या, एका मुलाची एक. रजिस्टर उघडं. सिस्टर नाव विचारते, पिशवीवरचं नाव वाचते, गोळी तळहातावर ठेवते, पाणी देते, गिळेपर्यंत बघते आणि मग सही करते. फिटची गोळी, थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप स्पेसर लावून दोन वेळा. रांगेच्या शेवटी एखादी मुलगी घुटमळत राहते आणि सगळे गेल्यावर हळूच सांगते, “सिस्टर, मला पहिल्यांदाच पाळी आलीय.” दुसऱ्या दिवशी पहाटे एखाद्या मुलाचं अंथरूण ओलं झालेलं असतं, ते इतरांना न कळता बदलायचं असतं. दिवेलागणीला घरची आठवण येऊन दुखणारी पोटं तर रोजची.

हे काम पालक-डॉक्टरकडून होत नाही. त्यांना येत नाही म्हणून नव्हे. ते दोन दिवसांसाठी आलेले असतात, त्यांचं स्वतःचं मूल शिबिरात असतं आणि तिसऱ्या दिवशी त्यांची जागा दुसरं कुणी घेतं. औषधांच्या बाबतीत हात बदलला की चूक होते. तिसऱ्या वाटेत हेच काम चार गटांच्या चार ताई आपापल्या परीने करतात. एकीने तापाला पॅरासिटामॉल सात वाजता दिलेलं असतं, दुसरी नऊ वाजता पुन्हा देते. या औषधाच्या दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि मात्रा वजनावर ठरते. नोंद एका वहीत, एका हातची असली की हा गोंधळ होत नाही.

कुठलीही वाट निवडा, पण तपासणी एकट्या मोठ्या माणसाने बंद दाराआड करायची नाही. दुसरी व्यक्ती नजरेच्या टप्प्यात हवी आणि मुलींना तपासताना स्त्री हवीच. मुलाने काही वावगं घडल्याचं सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिबिराच्या नावाला बट्टा लागेल म्हणून दाबता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) नंबर ताई-दादांना पाठ हवा.

आणि स्टाफ?

आजवर पाहिलेल्या आरोग्य-योजनांत एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे: सगळं मुलांसाठी लिहिलेलं असतं. शंभर माणसांचा स्वयंपाक मेच्या उन्हात भट्टीसमोर उभं राहून करणारा आचारी त्यात कुठेच नसतो. त्याच्या मनगटावर कढईतलं तेल उडतं, तो त्यावर हळद दाबतो आणि दुखणं अंगावर काढतो, कारण दिवस भरला नाही तर मजुरी बुडते. ताई-दादा तर ताप असला तरी पॅरासिटामॉल घेऊन ट्रेकला निघतात. रोज चार-पाच तास झोपलेला दादा दहाव्या दिवशी दोर बांधतो, ही मुलांच्याही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

इथे मुक्कामी सिस्टर सगळ्यात उजवी ठरते. डॉक्टरसाहेबांपुढे जायला भांडी घासणाऱ्या मावशी बिचकतात, सिस्टरला मात्र पाणी भरता भरता सांगतात. पण त्यासाठी आयोजकांनी पहिल्याच दिवशी जाहीर करायला हवं: आजारी पडलात तर त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. हे वाक्य बोलल्याशिवाय जुलाब झालेला आचारी पुढे येणार नाही, आणि मग सगळ्या छावणीला जुलाब होतील. स्वयंपाकघरातल्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या रोगांची लस एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांतच आहे. ठेकेदाराकडे दाखले मागा.

पाण्याचं थोडक्यात: टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, रोज करा. गावच्या ग्रामपंचायतीकडे किट असतं आणि जलसुरक्षक करून दाखवतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासात अर्धं नाही.

१०८ आणि आपली गाडी

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. ती चांगली आहे, पण ती तुमच्या छावणीत उभी नसते. तालुक्यातली गाडी कुठे थांबते, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आधी विचारा. ती दुसरा रुग्ण घेऊन जिल्ह्याला गेली असेल तर किती वेळ लागेल, तेही विचारा. मोबाइलला रेंज फक्त मागच्या टेकाडावर येत असेल तर तिथवर पळत जाणाऱ्याचं नाव ठरवा.

आरोग्य केंद्रातच आणखी तीन गोष्टी विचारून ठेवा: सर्पदंशाचं प्रतिविष आत्ता शिल्लक आहे का, रात्री वैद्यकीय अधिकारी मुक्कामी असतात का, ऑक्सिजन आहे का. एखादं उत्तर ‘नाही’ असं आलं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता रात्री एकदा गाडीने करून बघा. घाटातला पाऊण तास दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा असतो. आणि गाडी म्हणजे जिची किल्ली खिळ्याला टांगलेली आहे, जिच्यात डिझेल आहे आणि जिचा ड्रायव्हर छावणीतच झोपतो, ती गाडी. भाजी आणायला गेलेली गाडी यात मोजू नका.

मग काय ठरवायचं?

दवाखाना वीस मिनिटांच्या आत, मुलं चाळीसपर्यंत, पाण्यातले आणि दोरावरचे खेळ नाहीत, कुणालाही गंभीर अ‍ॅलर्जी, दमा किंवा फिट्स नाहीत, तर तिसरी वाट चालेल. पण औषधांची वही एकाच ताईच्या हातात द्या आणि तिला गट देऊ नका. यातली एकही अट तुटली तर सिस्टर घ्या.

दवाखाना अर्ध्या तासाहून लांब असेल तर सिस्टर आणि तालुक्यातले डॉक्टर ही जोडी घ्या, मुलं कितीही असोत. पैशांचं कारण पुढे येतं म्हणून साधा हिशेब मांडते. समजा मानधन दिवसाला दोन हजार धरलं, तर दहा दिवसांचे वीस हजार झाले. शंभर मुलांत वाटले की माणशी दोनशे रुपये. शिबिराच्या टी-शर्टवर साधारण तेवढेच जातात.

मुक्कामी डॉक्टर घ्यायचा तो या जोडीच्या वर, तिच्याऐवजी नाही. तासाभरात दवाखानाच नसेल, उंच डोंगरातला मोठा ट्रेक असेल किंवा मधुमेहासारखे आजार असलेल्या मुलांचंच खास शिबिर असेल, तर तो हवाच. तेव्हाही एकच डॉक्टर पहिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत राहील, हे नक्की करून घ्या.

सिस्टरचं मार्चमध्येच ठरवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा, झोपायची जागा मुलींच्या तंबूंजवळ द्या, दिवसातून दोन तास सुट्टीचे आणि त्या वेळी कोण बसेल हे लिहून द्या. मुलांचे आरोग्य-अर्ज शिबिराच्या आधी पंधरा दिवस तिच्या हातात पडायला हवेत, म्हणजे शंका असलेल्या पालकांना ती स्वतः फोन करू शकेल. “बाकी काही नाही ना?” असं तिने फोनवर विचारलं की अर्जात न लिहिलेल्या गोष्टी बाहेर येतात.