वर कडक ऊन, खाली हातपंखा: ३ किलोवॅट ऑन-ग्रिड सोलरचा अनुभव

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेतून गच्चीवर ३ किलोवॅट सोलर बसवलंय, ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं. सबसिडीचा हिशोब एव्हाना सगळ्यांना पाठ झालाय, पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, मिळून ७८,०००, आणि ते इन्स्पेक्शननंतर थेट खात्यात आले, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार मंगळवारची आहे. आमच्याकडे मंगळवारी मेंटेनन्सला लाइट जाते. भर दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही असं ऊन, आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा लावून 'नो ग्रिड'. म्हणजे ग्रिड गेली की ऑन-ग्रिड सिस्टीम पण बंद, ऊन कितीही असो. कारण पटतं, पोलवर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनलचा करंट बसायला नको. पण विकताना डीलरने २५ वर्षांची वॉरंटी चारदा सांगितली आणि हे एकदाही नाही! आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लाखभर रुपये पत्र्यावर टाकलेत, आणि मी इथे पुठ्ठ्याने वारा घेतेय."

हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि लिथियम बॅटरीचं कोटेशन काढलं तर सिस्टीमला खिशातून जेवढे गेले जवळपास तेवढेच परत. सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर, बॅटरीला वेगळी काही नाही. माझ्याच्याने ते झालं नाही, जुन्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून दोन पंखे चालवतोय.

हे वरचं एप्रिलमध्ये चिडून लिहिलेलं, तसंच ठेवतो. आता पावसाळाही झालाय आणि मत थोडं बदललंय. मे महिन्यात एसी असून बिलात वीज आकार शून्य, फक्त स्थिर आकार आणि किरकोळ. आधी उन्हाळ्यात ३०० युनिटच्या वर गेलं की स्लॅब बदलून बिल असं उडायचं की घरात भांडणं व्हायची. जुलै-ऑगस्टला जनरेशन निम्म्यावर आलं पण उन्हाळ्यातली जमा युनिट कामी आली, नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेली जास्तीची युनिट बिलातून वळती होण्याचा) खरा फायदा तिथे कळतो.

पण शेजारच्या काकांना मी नको म्हणून सांगितलं. त्यांचा वापर १०० च्या आत, दर आधीच कमी, त्यांनी ३ किलोवॅट लावलं तर ३१ मार्चला उरलेली युनिट वीज कंपनीला स्वस्तात देऊन मोकळं व्हायचं. म्हणजे स्वतःची गच्ची आणि एसी असलेल्यालाच यात खरी मजा आहे. आणि आमच्यासारखे ३०० च्या वरचे जे महाग दर भरायचे त्यावरच काकांचा स्वस्त दर चालायचा ना, मग आम्ही सगळे बाहेर पडलो की तो खड्डा कोण भरणार? आज ना उद्या स्थिर आकार वाढणार किंवा नेट मीटरिंगचे नियम बदलणार असं मला वाटतं, त्यामुळे लावायचं असेल त्यांनी फार रेंगाळू नये.

पाचपैकी साडेतीन स्टार, दीड मंगळवारचा कापला. कोणी हायब्रिड वापरत असेल तर लाइट गेल्यावर त्यावर एक टनाचा एसी ओढतो का आणि किती वेळ, तेवढं सांगा.