नऊ महिने वापरलेला मॅनेज्ड स्विच: पेटी भक्कम, कुलूप तकलादू

नऊ महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या उत्पादन लाइनवरच्या पॅनलांमध्ये एकाच कंपनीचे ११ मॅनेज्ड स्विच (यंत्रं नेटवर्कला जोडणारी पेटी, लॉगिन करून सेटिंग बदलता येणारी) बसवले. डिन रेलवर (पॅनलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारे, २४ व्होल्ट डीसी, दोन सप्लाय जोडायची सोय, पंखा नाही. धूळ, उष्णता, मोटर चालवणाऱ्या शेजारच्या ड्राइव्हचा विद्युत नॉइज, सगळं सोसून एकही पोर्ट गेलेला नाही. स्विच एकमेकांना रिंगमध्ये जोडलेत, एक वाट तुटली तर डेटा उलट्या बाजूने जातो. त्यातली एक फायबर मुद्दाम काढून पाहिली, पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला) पत्ताही लागला नाही. इथवर पैसे वसूल.

रडगाणं आहे ते पासवर्डचं. तिसऱ्या महिन्यात एका रात्री लाइन बंद पडलेली, घाईत १४ अक्षरी पासवर्डचं शेपूट चुकलं. एंटर दाबल्यावर लक्षात आलं, पण तोवर लॉगिन झालं होतं! वाटलं, आधीचंच सेशन उघडं असेल. लाइन सुरू झाल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा पाहिलं. पहिली ८ अक्षरं बरोबर असली की पुढे काहीही चालतं, काहीच नसलं तरी चालतं. पासवर्ड ठेवताना मात्र स्क्रीन १४च्या १४ अक्षरं निमूट घेते.

मग कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पासवर्डच्या ओळीत १२ अक्षरांची माळ, शेवटी बरोबरचं चिन्ह (=). म्हणजे बेस-६४, डेटा साध्या अक्षरांत लिहायची उघड पद्धत. हे एन्क्रिप्शन नव्हेच, मोडीतला मजकूर बाळबोधीत उतरवावा तेवढाच फरक. उलटं फिरवल्यावर आमचाच पासवर्ड बाहेर आला, आठव्या अक्षरावर कापलेला. हॅश (पासवर्डचा उलटा न फिरणारा ठसा) असता तर फाइल हाती लागलेल्याला निदान अंदाज बांधत बसावं लागलं असतं. आणि महिनाभर आधी हीच फाइल मी सपोर्टला मेल केली होती. अकराही स्विचना पासवर्ड एकच. (हे पाप माझं, कंपनीचं नाही.)

सपोर्टचं उत्तर आलं: स्विच अंतर्गत नेटवर्कवर असतो, धोका नाही. बाहेरून आलेल्या सर्व्हिस इंजिनिअरचा लॅपटॉपही त्याच नेटवर्कला लागतो, त्याचं काय? यंत्रं ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या साध्या मोडबस टीसीपी प्रोटोकॉलला तर मुळात पासवर्डच नसतो. त्याच्या ५०२ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही यंत्राच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या कप्प्यांत) लिहू शकतो. त्याला अडवणारी व्हीलॅनची भिंत (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे पाडायची सोय) याच स्विचमध्ये आहे.

सातव्या महिन्यात नवं फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं. आता पासवर्ड पूर्ण तपासला जातो, पाच चुकांनंतर लॉगिन थोडा वेळ बंद होतं. बॅकअप फाइल मात्र जशीच्या तशी. टेलनेट आणि एचटीटीपी, म्हणजे पासवर्ड उघडाच पाठवणाऱ्या लॉगिनच्या वाटा, मी पहिल्याच दिवशी बंद केले होते, अपडेटनंतर टेलनेट गुपचूप पुन्हा चालू झालेलं सापडलं. अपडेट करणाऱ्यांनी हे आवर्जून तपासा. एसएनएमपीची (स्विचवर दुरून नजर ठेवायच्या प्रोटोकॉलची) पासवर्डसारखी चालणारी 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' ही आयती नावं काढून त्याची सुरक्षित आवृत्ती व्ही३ लावली, मॅनेजमेंटला वेगळा व्हीलॅन दिला, प्रत्येक स्विचला वेगळा पासवर्ड. बॅकअप फाइल आता पासवर्डची ओळ खोडल्याशिवाय कोणाला पाठवत नाही.

हार्डवेअरला पाच तारे, फर्मवेअरला दोन. गेल्या आठवड्यात बाराव्या पॅनलसाठी पुन्हा हाच मागवला. रिंगचा प्रोटोकॉल कंपनीचा स्वतःचा आहे, दुसऱ्या कोणाचा स्विच त्यात बसत नाही.