‘दोन महिने पाणी नको’ म्हणाला, आमची 117 कलमं वाळली

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आमचं मुरमाड रान आहे. गेल्या जुलैत तिथं केशर आंब्याची 200 कलमं लावली. विहिरीला जानेवारीपर्यंत कसंबसं पाणी, पुढं टँकर. पहिला उन्हाळा निघाला तर झाड आपलं, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. ह्याच काळजीवर पाणी धरून ठेवणारी पावडर विकणाऱ्या एका माणसाने नेम धरला.

जूनमध्ये खड्डे घेत होतो, तेव्हा तो मोटारसायकलवर आला. पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली, ग्लासात ओतली आणि चमचाभर पांढरी पावडर टाकली. मिनिटभरात सगळं घट्ट. ग्लास उलटा केला तरी थेंब सांडेना. “ताई, खड्ड्यात 50 ग्रॅम टाका आणि दोन महिने पाणी विसरा.” 1800 रुपये किलोने 12 किलो घेतली, म्हणजे 21,600 रुपये. पैसे फोनवरून एका खासगी खात्यावर गेले. पावती साध्या कागदावर, पोत्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

पाऊस होता तोवर कलमं तरारली, त्यामुळे शंका आलीच नाही. दिवाळीनंतर त्याच्या शब्दावर ठिबक बंद ठेवलं. पाचव्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. एका कलमाशेजारी खणून पाहिलं तर माती कोरडी ठणठणीत, आणि साबुदाण्याएवढे जेलचे चार-दोन दाणे.

उरलेली पावडर घरी आपल्या विहिरीच्या पाण्यात भिजवली. थोडे दाणे फुगले, बाकीचे विरघळून गेले. पाणी जिभेला लावलं तर खारट! कलमांच्या मुळाशी आम्ही स्वतःच्या हाताने मीठ घातलं होतं. हे लिहिताना आजही जीव जळतो.

मग कृषी सहायकांनी नीट समजावलं. हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारी पावडर, ही थाप नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेलं पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या किमान 350 पट पाणी धरतं. पण क्षारांचं पाणी असलं की ते कितीतरी कमी फुगतं. दाखवायला सीलबंद बाटली का आणली होती, ते तेव्हा कळलं. आणि जेल पाणी तयार करत नाही, दिलेलं पाणी फक्त धरून ठेवतं. पाणीच दिलं नाही तर ते धरणार काय?

83 कलमं वाचली ती सासूबाईंमुळे. त्यांनी प्रत्येक कलमापासून वीतभर अंतरावर कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायला लावलं. मडकं भरून वर झाकण ठेवायचं, पाणी भिंतीतून हळूहळू मुळांकडे झिरपतं. आळ्यात उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर दिला, खोडाला मात्र लागू दिला नाही, कारण ओल राहून खोड कुजतं. पाचटाला वाळवी लागते, म्हणून अधूनमधून थर उचलून पाहावा लागतो. पश्चिमेच्या बाजूला तुऱ्हाट्यांचा आडोसा केला. ह्यात नवं काहीच नाही, आमच्या आधीच्या पिढीने हेच केलेलं आहे. मडक्यांचा खर्च त्या पावडरीच्या निम्म्याहून कमी आला.

त्या माणसाचा नंबर बंद आहे. तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंदवली आहे. तुमच्या बांधावर कुणी असा आला तर त्याची बाटली बाजूला ठेवा, आपल्या बोअरचं पाणी द्या आणि पावडर रात्रभर भिजवून सकाळी बघा. पक्कं बिल आणि बंद पाकीट मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका.

दोन किलो पावडर अजून डब्यात बंद करून ठेवली आहे. तपासायला मागितली की देईन.