म्हापशात घेतलेला बेसबॉलचा इन्फिल्ड ग्लोव्ह: माल बरा, लेस बेकार

भाचा बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे, खेळतो म्हणून साडेअकरा इंची ग्लोव्ह घेतला. दुकानदार आधी तेरा इंची गळ्यात मारत होता, म्हणे मोठा घ्या, कॅच सुटणार नाही, अहो पण तो लांब उभ्या आऊटफिल्डवाल्यांचा, इन्फिल्डला, म्हणजे बेसजवळ, चेंडू झटकन काढून फर्स्ट बेसला फेकायचा असतो, ग्लोव्हच्या खोल पॉकेटात बोटं चाचपडत बसलात तर रनर पोचला पण! अमेरिकेतला शॉर्टस्टॉप ओझी स्मिथ, त्याचं करिअर बघा ना, 1978 ला सॅन डिएगो संघाकडून सुरुवात, 1982 पासून सेंट लुईस संघात, 1980 ते 1992 उत्तम फिल्डिंगचे सलग 13 गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार, आणि होमरन (आपल्या क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) अख्ख्या करिअरमध्ये फक्त 28. तरी 2002 ला बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलाच, हातांच्या जोरावर.

तर ग्लोव्ह. चामडं आधी जाम कडक, मध्ये चेंडू ठेवून रबरानं बांधून ठेवल्यावर जरा वळायला लागलं. शिलाई एक नंबर. पण लेस! पावसात कपाटात राहिला तर अंगठ्याजवळच्या भोकांत हिरवट बुरशी, गाठ ओढली तर लेस हातात. आपल्याकडे जून-जुलैत चामड्याचं असंच होतं म्हणा, आता फॅनखाली टांगलाय. घेणार असाल तर एक्स्ट्रा लेस तेव्हाच मागून घ्या, नंतर कोण विचारत नाय.