घरी बांधलेला फ्लॅपवाला कंट्रोल लाइन पंख: आठ महिने उडवल्यानंतर

कंट्रोल लाइन म्हणजे हातातल्या हँडलला दोन तारांनी बांधून स्वतःभोवती वर्तुळात उडवायचं मॉडेल विमान. गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या आमच्या घरी बांधलेला असा हा पंख दसऱ्याला पहिल्यांदा हवेत गेला. परवाच्या रविवारी वहीत एकशे विसाव्या उड्डाणाची नोंद झाली. एवढ्या काळात काय टिकलं, काय झिजलं आणि मी कुठे चुकलो, ते सविस्तर लिहितो आहे. मी बांधायला बसलो तेव्हा असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं, तर माझे निदान दोन महिने वाचले असते.

आराखडा माझा, पण घराणं नोबलरचं. जॉर्ज ऑल्ड्रिच या अमेरिकन मॉडेलरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आखलेलं हे विमान, आणि स्टंटची, म्हणजे हवेत कसरतीच्या आकृत्या काढायची, कितीतरी विमानं आजही त्याच वळणावर जातात. माझा पंख ५२ इंची, दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर, जाडी कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून-मागे रुंदीच्या, १८ टक्के. पंखाचा आतला, म्हणजे माझ्याकडचा, भाग बाहेरच्यापेक्षा एक इंच लांब ठेवला, कारण वर्तुळात आतलं टोक हळू जातं आणि त्याला उचल कमी मिळते. विमानाचं सगळं वजन १ किलो २०० ग्रॅम, ३५ चं (०.३५ घन इंची) ग्लो इंजिन, तारा ६० फुटी.

फ्लॅप कशासाठी, हे नवीन माणूस हमखास विचारतो. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, एलिव्हेटर म्हणजे शेपटीची. एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतो, एलिव्हेटर खाली गेला की फ्लॅप वर. दोन्ही एकाच बेलक्रँकला, म्हणजे हातातल्या तारा ओढल्या की फिरणाऱ्या तरफेला, जोडलेले. स्टंटच्या नियमांत बहुतेक आकृत्यांचा तळ जमिनीपासून दीड मीटरवर धरतात. चौकोनी लूपचा (उभ्या चौकोनी फेरीचा) कोपरा तिथे घ्यायचा तर पंखाने क्षणभरात वजनाच्या कित्येक पट उचल द्यायला हवी, आणि ती फ्लॅप देतो. मात्र लूप घेताना खाली आलेला फ्लॅप विमानाचं नाकही खाली दाबतो. म्हणून शेपूट मोठी आणि लांब ठेवावी लागते. बिनफ्लॅपच्या जुन्या विमानाच्या पंखाला नुसत्या फ्लॅपच्या पट्ट्या जोडून हा गुण येत नाही. मी तेही करून पाहिलं आहे.

आता बेलक्रँक. तो पंखाच्या पोटात बसतो आणि वरून शीटिंग, म्हणजे पातळ लाकडी पत्रा, चढलं की पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. माझी फेरी ५.३ सेकंदांची, हातापासून विमानापर्यंत सुमारे १९ मीटर. म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, आणि तारांवर सव्वातीन किलोचा सततचा ओढा. हा सगळा भार एका खिळीवर येतो. मी प्लायवूडची पट्टी वरच्या आणि खालच्या स्पारमध्ये (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या काठ्यांत) अडकवून तीस मिनिटांच्या इपॉक्सीने चिकटवली, खिळीला लॉकनट लावला, आणि शीटिंगच्या आधी वजनाच्या दहापट, म्हणजे १२ किलोचा ओढा देऊन पाहिला. बॅगा तोलायचा हातातला काटा त्याला पुरतो. त्या दिवशी पट्टीचा एक कोपरा करकरला. तो उखडून पुन्हा बसवला, आणि त्या जागेबद्दल तेव्हापासून मला एकदाही शंका आली नाही.

बेलक्रँक तीन इंची न घेता चार इंची घेतला, हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. वारा वाढला की फ्लॅपवरचा दाब वाढतो आणि तो ढकलायला ताकद फक्त तारांच्या ताणातून मिळते. छोट्या बेलक्रँकला तेव्हा हँडल कितीही वाकवा, फ्लॅप पुरता वळत नाही. आम्ही खारघरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर उडवतो. दहा वाजून गेले की खाडीवरचा वारा सुरू होतो. मोठ्या बेलक्रँकमुळे त्या वाऱ्यातही कोपरे घेता येतात. मैदानाविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो: ऐरोली-कळव्याच्या पट्ट्यात विजेच्या उच्चदाबाच्या तारांखाली बऱ्याच मोकळ्या जागा दिसतात, तिथे कधीही उडवू नका. आपल्या तारा पोलादी असतात आणि त्यांचं एक टोक आपल्या मुठीत असतं.

रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, सरळ रेषेत बसवायला मी दोन सळ्यांची जिग (धरून ठेवायची चौकट) केली. प्रत्येक रिबला दोन भोकं, त्यांतून दोन सरळ ॲल्युमिनियमच्या नळ्या, खाली १२ मिलिमीटरची काच. ही काच वागळे इस्टेटमधल्या काचवाल्याकडे तुकड्याच्या भावात मिळाली. आधी फ्लश डोअरच्या तुकड्यावर सुरुवात केली होती, पण जुलैच्या दमटपणात तो तुकडाच बाक धरू लागला. पंखाचं हलकं बाल्सा लाकूडही ओल पितं. म्हणून शीटिंग त्याच दिवशी चढवायचं नसेल तर मी पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवायचो. पंखावरच्या आवरणाला मारायचा डोप (एक प्रकारचा लाकर) मात्र सोडला. पावसात मारलेला डोप वाळताना पांढरा पडतो, आणि ते पांढरेपण घालवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दुसरा पंख होईल. इस्त्रीने चिकटवायची फिल्म लावली.

आतल्या बाजूला येणाऱ्या तारांच्या वजनाचा तोल साधायला पंखाच्या बाहेरच्या टोकातल्या छोट्या पेटीत साधारण २८ ग्रॅम शिसं आहे. चेंदणी कोळीवाड्याजवळ जाळ्यांच्या सामानातल्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या. शिसं कमी-जास्त करता यावं म्हणून पेटीला झाकण ठेवलं, तेही उपयोगी पडलं.

आता चूक सांगतो. दोन्ही फ्लॅप हॉर्नने, म्हणजे वाकवलेल्या एकाच तारेने, जोडलेले असतात. तीन मिलिमीटरची ती तार वाकवून तिचे दोन्ही हात एका पातळीत आहेत का, हे मी डोळ्यांनीच ठरवलं. नोव्हेंबरात एके सकाळी वर्तुळाबाहेर उभा राहून बघणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, विमान सरळ असलं की बाहेरचं टोक वर दिसतं, आणि उलटं असलं की खाली." त्याचं हे एक वाक्य आम्हाला पुरलं. टोकाचं शिसं कमी किंवा जास्त असतं तर सरळ आणि उलट, दोन्ही वेळा टोक एकाच दिशेला गेलं असतं. दिशा बदलते म्हणजे पीळ आहे. मोजलं तर बाहेरचा फ्लॅप आतल्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली होता.

मी सोपा मार्ग धरला. फिल्मवर गरम हवा सोडून तो फ्लॅप वरच्या बाजूला पिळला. तीन-चार महिने विमान सुरेख उडालं. मग एप्रिलमध्ये एकदा विमान दुपारभर बंद गाडीत राहिलं. संध्याकाळी बघतो तर फिल्म सैलावलेली आणि दीड मिलिमीटर पुन्हा तिथेच. मग शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं: फ्लॅपच्या मुळाशी उघडी असलेली तार दोन पकडींत धरून थोडी थोडी वाकवली, दर वेळी मोजून. अर्धा तास लागला. त्यानंतर पंख सरळ आहे.

झिजलेल्या गोष्टी थोड्या. बिजागऱ्यांच्या फटीवर लावलेली पारदर्शक पट्टी इंधनातल्या एरंडेलाने सुटत जाते; दोन वेळा बदलली. ती नसली की फ्लॅपचा जोर कमी होतो, हातात लगेच कळतं. बिजागऱ्यांना इपॉक्सी लावण्याआधी सांध्यात व्हॅसलीन भरलं होतं, त्यामुळे आजही दोन्ही फ्लॅप स्वतःच्या वजनाने खाली पडतात. पंखाच्या टोकाशी लीडआउटच्या, म्हणजे बेलक्रँकपासून निघणाऱ्या, तारा जिथून बाहेर येतात तिथल्या पितळी नळ्यांनी एका तारेचा एक धागा खाल्ला. ती तार बदलली. नळ्यांची तोंडं पॉलिश पेपरने गोल केली. इंजिनाजवळ शीटिंगच्या एका सांध्यात तेल मुरलं आहे, तिथे फिल्म धरत नाही. पुढच्या वेळी तिथे आधी पातळ इपॉक्सी फिरवणार.

पंख धडाला चिकटवलेला, त्यामुळे सव्वा मीटरचं ओझं नेहमी तिरकं धरून न्यावं लागतं. रविवारी पहाटेच्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये ते जमतं, दाराशी जागा मिळाली तर. इतर वारी गाडीच काढतो.

एवढं सगळं धरूनही पुन्हा बांधायचा तर हाच पंख बांधेन, फक्त लीडआउटच्या नळ्या पुढे-मागे सरकतील अशा ठेवेन. नव्याच्या रिब कापून झाल्या आहेत. हॉर्न काल वाकवला, काचेवर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांखाली पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. एका बाजूला अजून सरकतं आहे. तेवढं बसलं की मग गोंद.