येझदी रोडकिंग: पावसाळा, हिवाळा आणि कात्रजचा घाट

ऑफिसला वेळेवर पोचायचं असेल तर ही जुनी मोटरसायकल घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. मी माझी रोडकिंग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता उन्हाळा लागलाय. विकायचा विचार नाही, पण दुसरी गाडी घरात आहे म्हणून हे बोलतोय.

रोडकिंग 1978ला आली आणि येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना 1996मध्ये बंद पडला. त्यामुळे आज मिळणारा पार्ट एक तर जुना साठा, नाहीतर डुप्लिकेट. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर बहुतेक सगळं मिळतं, फक्त क्लच प्लेट डोळे झाकून घेऊ नका. मी घेतलेल्या महिन्याभरात घसरायला लागल्या. शेवटी मेकॅनिकने स्वतःकडच्या जुन्या काढून घातल्या, त्या अजून चालताहेत. गाडी बघायला जाण्याआधी मेकॅनिक गाठा, तोही पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा भाग) लावता येणारा.

किकची गंमत नव्या माणसाला दाखवण्यासारखी आहे. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तोच किक होतो. इंजिन सुरू झालं की पुढे आणायचा, परत गिअर. शिवाय गिअर बदलायला दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, म्हणजे डाव्या हाताला थोडा आराम. तरी स्वारगेटच्या सिग्नलला पहिल्या गिअरवर रांगताना इंजिन तापतं, प्लग काळा होतो आणि मागचा रिक्षावाला धुराबद्दल दोन शब्द ऐकवतो. त्याचंही बरोबरच आहे. खिशात एक जास्तीचा प्लग आणि पाना असू द्या.

खरी गाडी कळते कात्रजच्या जुन्या घाटात. 250 सीसी टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. चढावर तिसऱ्यात ओढत नेते तेव्हा तो आवाज ऐकत राहावंसं वाटतं. उतारावर मात्र सांभाळा. या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलातूनच. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून घाट उतरलात तर पेट्रोल अगदी कमी होतं, त्यासोबत तेलही, आणि फिरतं इंजिन कोरडं पडू शकतं. म्हणून मी मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर देतो. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनानेच वेग कमी करणं, तसंही नावालाच, आणि दोन्हीकडे ड्रम ब्रेक. पुढच्या टेम्पोपासून भरपूर अंतर ठेवलेलं बरं.

पंपावर तेल मिळेलच असं नाही. बाटली सोबत ठेवतो. आधी टाकीत तेल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. लिटरला 40 मिली, हे माझ्या मेकॅनिकचं माप. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, त्यामुळे गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. ॲव्हरेज 25च्या आसपास. तक्रार करण्यात अर्थ नाही.

हेडलाइट? रात्री सिंहगड रोडला चालतो, कारण तिथे रस्त्याचेच दिवे आहेत. त्यापलीकडे जाऊ नका.

घेणार असाल तर रंग-क्रोम नंतर बघा. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून पाहा, आणि 15 वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल झालंय का ते विचारा. ते पाच वर्षांपुरतंच असतं, मुदत संपत आली असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.